कर्नाटककेसरी गंगाधरराव देशपांडे

बेळगाव जिल्ह्याने राष्ट्रीय चळवळीला जी माणसे दिली त्यांत गंगाधरराव बाळकृष्ण देशपांडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. लोकमान्य टिळकांचा उजवा हात आणि पुढे महात्मा गांधींचा निष्ठावंत सहकारी, अशा दोन्ही नात्यांनी अखिल भारतात ओळखली गेलेली माणसे फार थोडी. त्या थोड्यांत गंगाधरराव होते. असे असूनही आपल्या भागातील मराठी घरांत त्यांचे नाव निघावे तितके निघत नाही. आणि कर्नाटकात ते गौरवाने निघते तेव्हा या पुरुषाची मायबोली मराठी होती, हा तपशील बहुधा मागे राहतो. दोन्हीकडच्या या विस्मरणाला कारणे आहेत. ती त्यांच्या चरित्रातच आहेत.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८७१ रोजी बेळगाव तालुक्यातील हुदली या गावी झाला. घराणे वतनदार देशपांड्यांचे. परगण्याच्या जमाबंदीचे दप्तर सांभाळणे हे देशपांड्यांचे मूळ काम. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पेशवाई बुडाली, तेव्हा ते काम मागे पडत गेले आणि वतनाचे उत्पन्न तेवढे हाती राहिले. इंग्रजी अमदानीतील वतनदाराची स्थिती यामुळे मोठी चमत्कारिक झाली होती. गावात त्याचा मान जुनाच होता, पण त्या मानाखालची जमीन सरकारच्या मर्जीवर उभी होती. इनामांच्या चौकशा झाल्या, सनदा तपासल्या गेल्या, अनेकांची वतने गेली. ज्यांची राहिली त्यांनी कलेक्टरसाहेबाच्या दरबारात खुर्ची मिळवण्यात धन्यता मानली. एखाद्या वतनदाराने सरकारच्या विरुद्ध उभे राहणे म्हणजे स्वतःच्या घराचा पाया स्वतःच उकरणे होते.

अर्थात या मुलखाला विरोधाची परंपरा नव्हती असे नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी १८२४ साली कंपनी सरकारशी झुंज दिली. त्यांचा शूर सेवक संगोळी रायण्णा याला २६ जानेवारी १८३१ रोजी आपल्या नंदगडातच फाशी देण्यात आले, हे येथील वाचकांना वेगळे सांगावयास नको. त्या घटनेनंतर चाळीस वर्षांनी गंगाधररावांचा जन्म झाला. ते लहानाचे मोठे होत होते तेव्हा ती हकीकत जुन्या माणसांच्या बोलण्यातून अजून गेलेली नव्हती. मात्र तलवारीचे दिवस संपले होते, आणि पुढची लढाई सभा, वर्तमानपत्रे, शाळा आणि तुरुंग यांच्या साहाय्याने लढावी लागणार होती.

ती लढाई ते पुण्यास शिकले. शिक्षणाच्या निमित्ताने पुण्यात असताना टिळकांशी त्यांचा संबंध आला आणि तो टिळकांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत टिकला. १८९३ साली टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यानंतर रायगडावर शिवउत्सव सुरू केला. लोकांना एकत्र जमविण्याची ही युक्ती बेळगावच्या बाजूस आणणाऱ्यांत गंगाधरराव प्रमुख होते. घरची सुस्थिती, दांडगी छाती, उघडा स्वभाव आणि खर्च करताना हात न आखडण्याची सवय, यामुळे माणसे त्यांच्याभोवती जमत. पुढाऱ्याने देणगीच्या याद्या घेऊन हिंडावे आणि स्वतःच्या नावापुढे मात्र लहानसा आकडा घालावा, हा प्रकार त्यांच्या ठिकाणी नव्हता. उलट घरचे उत्पन्न आणि सार्वजनिक पैसा यांच्यामध्ये त्यांच्याकडे जी भिंत असावयास हवी होती ती उलट्या बाजूने पडली होती. म्हणजे घरचा पैसा सार्वजनिक कामात वाहून जात असे. हिशेबी माणसाने याला दोष म्हणावे. वतनदार घराण्याची संपत्ती ओसरत गेली त्याचे एक मोठे कारण हेच.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य या चतुःसूत्रीने महाराष्ट्र व कर्नाटक दोन्ही ढवळून निघाले. बेळगावात गणेश विद्यालय नावाची राष्ट्रीय शाळा चालली. तिच्याशी गंगाधररावांचा निकटचा संबंध होता आणि काही काळ तिचे मुख्याध्यापक होते काकासाहेब कालेलकर. पुढे गुजरातीतील थोर लेखक म्हणून नावाजलेल्या काकासाहेबांचे बालपण बेळगावच्या परिसरात गेले, हे त्यांच्या लेखनाच्या वाचकांना ठाऊक असेलच. मुंबईहून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’ या जहाल मराठी दैनिकातही या दोघांचा सहभाग होता. ते पत्र अल्पायुषी ठरले. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेस नेण्यात आले आणि त्यांचे अनुयायी पोरके झाले. काही गप्प बसले, काहींनी राजकारण सोडले. त्या सहा वर्षांत फार काही करता येण्यासारखे नव्हते. माणसे टिकवून धरणे एवढेच काम होते, आणि ते गंगाधररावांनी आपल्या भागात केले.

जून १९१४ मध्ये टिळक सुटून आले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत गोपाळ कृष्ण गोखले आणि नोव्हेंबरात सर फिरोजशहा मेहता निवर्तले. सुरतेच्या फुटीनंतर काँग्रेसबाहेर पडलेल्या जहालांना परत आत घेण्याची वाट मोकळी होऊ लागली. या घडामोडीतील एक महत्त्वाचा टप्पा बेळगावात पार पडला. एप्रिल १९१६ च्या अखेरीस तेथे मुंबई प्रांतिक परिषद भरली आणि त्याच सुमारास, २८ एप्रिल रोजी, टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. लीगचे कार्यक्षेत्र महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड असे ठरले. वर्षभरात तिचे सभासद चौदा हजारांवर गेले. पुणे-मुंबई सोडून अशा संस्थेचा जन्म बेळगावात व्हावा, यात तेथील कार्यकर्त्यांच्या संघटनेचे आणि तिच्या अग्रणीचे मोल दिसते.

त्या परिषदेस आणखी एक गृहस्थ आले होते. दक्षिण आफ्रिकेतून परतून त्यांना जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. अंगावर काठेवाडी पोशाख होता आणि राजकारणात ते कोणत्या पक्षाचे हे अजून कोणास नक्की सांगता येत नव्हते. मोहनदास गांधी नावाच्या या गृहस्थांना बेळगावच्या त्या मंडपात अनेकांनी प्रथम पाहिले. आठ वर्षांनी त्याच गावी, काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून, त्यांचे स्वागत करण्याची पाळी गंगाधररावांवर येणार होती.

मधल्या काळात फार मोठी उलथापालथ झाली. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य निवर्तले. त्याच दिवशी गांधीजींची असहकाराची चळवळ सुरू झाली. टिळकांच्या मागे राहिलेल्यांपुढे प्रश्न उभा राहिला तो साधा नव्हता. बहिष्कार कोठवर न्यावा, कौन्सिलात जावे की जाऊ नये, सूत कातल्याने स्वराज्य मिळते काय, अहिंसा हे धोरण की धर्म, या प्रत्येक बाबतीत टिळकपंथीयांची मने गांधीजींशी जुळत नव्हती. केळकरांसारखे मातब्बर पुढारी वेगळ्या वाटेने गेले आणि पुढे प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात दाखल झाले. महाराष्ट्रात टिळकांचे नाव घेऊन गांधीजींवर टीका करणे ही पुढे एक रीतच पडली. गंगाधररावांनी मात्र गांधीजींचे नेतृत्व स्वीकारले आणि मग मागे वळून पाहिले नाही. वयाची पन्नाशी आलेला, एका थोर पुढाऱ्याच्या छायेत वाढलेला मनुष्य दुसऱ्याच्या पद्धतीस आपले आयुष्य वाहून टाकतो, तेव्हा त्याला जुन्या मित्रांचे बोल ऐकावे लागतात. जहाल राजकारणाच्या तालमीत तयार झालेल्या या वतनदाराने चरखा हाती धरावा, याचे अनेकांना नवल वाटले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड निर्णय कदाचित हाच असावा. तुरुंगवास त्यामानाने सोपा.

त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरला भरलेल्या अधिवेशनात काँग्रेसने आपली घटना बदलली आणि प्रांतिक समित्यांची रचना भाषेच्या पायावर केली. सरकारी नकाशात कर्नाटक नावाचा प्रांत नव्हता. कन्नड मुलूख मुंबई व मद्रास इलाख्यांत आणि म्हैसूर, हैदराबाद व इतर संस्थानांत विखुरलेला होता. काँग्रेसच्या नकाशात मात्र तो प्रांत निर्माण झाला. त्याच्या प्रांतिक समितीचे पहिले अध्यक्ष गंगाधरराव झाले. बेळगाव जिल्हा या प्रांतात घातला गेला.

येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण पुढील शंभर वर्षांच्या तक्रारीचे एक मूळ येथे सापडते. बेळगाव शहर, खानापूर तालुका, निपाणीचा टापू येथे मराठी भाषकांची वस्ती मोठी होती व आहे. १९२० साली ही रेघ एका संघटनेच्या सोयीची रेघ होती. तिच्यावर राज्ये उभी राहतील, शाळांची व कचेऱ्यांची भाषा ठरेल, असे त्या वेळी फारसे कोणाच्या मनात आले नसावे. देश परका होता, प्रश्न स्वराज्याचा होता, आणि बेळगावातील कार्यकर्ता धारवाडच्या कार्यकर्त्याबरोबर काम करतो की पुण्याच्या, हा व्यवहाराचा भाग होता. गंगाधररावांच्या पिढीला दोन्ही भाषा घरच्या होत्या. धारवाडच्या आलूर वेंकटराव यांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ कन्नडात आणले आणि कर्नाटकाच्या एकीकरणासाठी आयुष्य वेचले. त्यांना या दोन कामांत विरोध दिसला नाही. गंगाधररावांनाही तो दिसला नसावा. परंतु पुढे रेघ पक्की झाली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी मागे वळून या माणसांना आपापल्या मापाने मोजावयास प्रारंभ केला. त्यात गंगाधररावांवर अन्याय झाला असे म्हणावे लागेल. तसेच, त्या रेघेच्या परिणामांकडे त्यांनी अधिक बारकाईने पाहावयास हवे होते, हेही म्हणावे लागेल.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावास काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन भरले. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते येथे. स्वागताध्यक्ष गंगाधरराव होते. आज टिळकवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात मोकळ्या माळावर तंबूंचे नगर वसविण्यात आले आणि त्याला विजयनगर असे नाव देण्यात आले. महाद्वार हंपीच्या विरूपाक्ष मंदिराच्या गोपुरासारखे उभारले होते. पाण्याची सोय व्हावी म्हणून एक विहीर खोदण्यात आली. तिला पंपासरोवर म्हणत. सुमारे चार हजार तीनशे रुपये खर्चून खोदलेली ही विहीर आजही त्या रस्त्यावर आहे आणि त्या रस्त्यास काँग्रेस रोड म्हणतात.

एवढी माणसे एका लहान शहरात आणावयाची, त्यांच्या निवाऱ्याची, जेवणाची, पाण्याची आणि विशेषतः शौचकूपांची व्यवस्था लावावयाची, हे काम भाषणे करण्याहून फार कठीण. हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी काकीनाडा येथे नुकतेच स्थापन केलेले हिंदुस्तानी सेवादल या वेळी कामास लागले. शिस्तबद्ध स्वयंसेवकांचे पथक म्हणून त्याचा खरा लौकिक बेळगावपासून झाला. सफाईचे काम काकासाहेब कालेलकरांनी अंगावर घेतले, आणि त्यांच्या हाताखाली उच्चवर्णीय तरुणांनी हाती झाडू व घमेली घेतली. १९२४ साली बेळगावसारख्या गावात ही गोष्ट किती धक्कादायक असेल याची कल्पना आज सहजी येणार नाही. गणेश विद्यालयातील जुना संबंध असा पंधरा वर्षांनी कामास आला.

गांधीजींसाठी खादीची एक झोपडी बांधली होती. तिला साडेतीनशे रुपये खर्च आला. हा खर्च आणि तिचा थाट पाहून गांधीजी नाराज झाले. झोपडीच्या नावाखाली आपल्यासाठी राजवाडा उभारला, अशी त्यांची भावना झाली. आतिथ्यात कसर न करणारा वतनदार यजमान आणि काटकसरीला धर्म मानणारा पाहुणा, यांच्यातील हा प्रसंग मोठा बोलका आहे. व्यवस्थेविषयी मात्र गांधीजींनी यजमानांची मनापासून वाखाणणी केली.

पंडित मोतीलाल व जवाहरलाल नेहरू, देशबंधू चित्तरंजन दास, लाला लजपतराय, ॲनी बेझंट, सरोजिनी नायडू, मौलाना आझाद, अली बंधू अशी मंडळी त्या माळावर जमली. स्वागतगीत गाणाऱ्यांत अकरा वर्षांची एक मुलगी होती. पुढे ती गंगूबाई हनगल म्हणून हिंदुस्थानी संगीतात अमर झाली. प्रत्यक्ष अधिवेशन २६ व २७ डिसेंबर असे दोनच दिवस चालले. कारण खरा वाद आधीच मिटला होता. गांधीजी फेब्रुवारीत तुरुंगातून सुटले तेव्हा काँग्रेस दुभंगली होती. कौन्सिलात जाऊ इच्छिणारा स्वराज्य पक्ष एकीकडे आणि त्यास विरोध करणारे दुसरीकडे. गांधीजींनी दास व मोतीलाल यांच्याशी कलकत्त्यास करार केला आणि तो बेळगावला मंजूर झाला. परदेशी कापडावरील बहिष्काराखेरीज असहकार स्थगित झाला, स्वराज्य पक्षास कौन्सिलात काँग्रेसच्या वतीने काम करण्याची मुभा मिळाली आणि त्या बदल्यात प्रत्येक सभासदाने दरमहा दोन हजार वार सूत द्यावे असा नियम झाला. हा नियम वर्षभरही नीट टिकला नाही. पण पक्ष फुटला नाही, ही बेळगावची कमाई.

त्याच दिवसांत, त्याच गावी, सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषदही भरली. पुढील राजकारणाचे बी त्याच मंडपांच्या सावलीत पडले.

अधिवेशनानंतर पुढारी आपापल्या गावी गेले. गंगाधरराव हुदलीस खादीच्या कामास लागले. सभा गाजविणाऱ्या माणसाला हे काम नीरस वाटावे असे होते. कापूस गोळा करावयाचा, पिंजून त्याचे पेळू करावयाचे, ते घरोघर कातावयास द्यावयाचे, सूत परत घेऊन मजुरी चुकती करावयाची, ते विणकराकडे न्यावयाचे, आणि तयार झालेले जाडेभरडे कापड गिरणीच्या स्वस्त कापडाशी स्पर्धा करीत विकावयाचे. यात कीर्ती नाही. तोटा मात्र हमखास. दुष्काळी वर्षात एखाद्या विधवेला घरबसल्या चार पैसे मिळाले तर तेवढेच त्याचे फळ. गंगाधररावांनी या कामात इतकी वर्षे घातली की कर्नाटकात त्यांना खादीचा भगीरथ म्हणू लागले.

१९२७ च्या मार्चअखेरीस गांधीजी खादीनिधीसाठी दौऱ्यावर असताना कोल्हापुरास त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढला होता. निपाणीस त्यांना काही दिवस विश्रांती घ्यावी लागली. पुढे आंबोलीस व तेथून म्हैसूर संस्थानातील नंदीदुर्ग या थंड हवेच्या डोंगरावर त्यांना नेण्यात आले. कर्नाटकाचा सारा दौरा गंगाधररावांनी आखलेला होता. तो मोडला याचे दुःख बाजूस ठेवून ते आजारी पाहुण्याच्या व्यवस्थेस लागले, आणि प्रकृती सुधारल्यावर तोच दौरा त्यांनी नव्याने पार पाडून घेतला.

१९३० च्या कायदेभंगात त्यांना तुरुंगवास घडला. साठीच्या घरात आलेल्या माणसाच्या वाट्याला आलेला तो पहिला तुरुंगवास नव्हता आणि त्याचे त्यांनी कधी भांडवल केले नाही.

एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन हुदलीस भरले. गांधीजींचा मुक्काम तेथे जवळजवळ आठवडाभर होता. किशोरलाल मश्रूवाला संघाचे अध्यक्ष होते. नव्या कायद्याखाली निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या, अनेक प्रांतांत काँग्रेसला बहुमत मिळाले होते, आणि रचनात्मक कार्यकर्त्यांनी विधिमंडळांत जावे की नाही हा प्रश्न ऐरणीवर होता. ज्या गावी देशपांड्यांचा वाडा आणि वतनाचा दरारा, त्या गावी देशभरातले कार्यकर्ते जमिनीवर बसून हा खल करीत होते. बेळगावच्या विजयनगरापेक्षा हे संमेलन फार लहान. गंगाधररावांच्या मनाला ते अधिक जवळचे वाटले असल्यास नवल नाही. येथे गोपुर नव्हते, झोपड्या खरोखरीच झोपड्या होत्या.

स्वराज्य आले तेव्हा त्यांचे वय शहात्तर होते. सत्तेच्या वाटणीत त्यांनी आपले ताट पुढे केले नाही. ज्यांना त्यांनी हाताशी धरून कामास लावले त्यांतील काही मोठ्या पदांवर गेले. ते स्वतः बाजूस राहिले. दरम्यान भाषेचा प्रश्न पेटला होता. मे १९४६ मध्ये बेळगावातच ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि तेथून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला जोर चढला. म्हणजे ज्या गावी १९२४ साली कर्नाटक एकीकरणाची परिषद झाली त्याच गावी बावीस वर्षांनी ही मागणी उठली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी, खानापूर व नंदगड यांसह काही गावे महाराष्ट्रास द्यावीत अशी शिफारस केली. पण बेळगाव शहर कर्नाटकाकडे ठेवल्याने महाराष्ट्राने अहवाल अमान्य केला, आणि २००४ साली वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

यातील शेवटच्या घडामोडी पाहावयास गंगाधरराव नव्हते. उतारवयात त्यांनी आपली हकीकत लिहिली तिचे नाव ‘माझी जीवनकथा’. कर्नाटक प्रांतिक काँग्रेसच्या पहिल्या अध्यक्षाने, कर्नाटककेसरी म्हणून गौरविलेल्या या पुरुषाने, आत्मचरित्र लिहिले ते मराठीत. पुढे त्याचे कन्नड भाषांतर झाले. बेळगावच्या सार्वजनिक जीवनाचा पन्नास वर्षांचा वृत्तांत ज्यांना वाचावयाचा असेल त्यांनी या पुस्तकाची मागणी आवर्जून नोंदवावी.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, बेळगाव व खानापूर त्याच्या बाहेर राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ३० जुलै १९६० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी गंगाधररावांचे निधन झाले. हुदलीचे खादीचे काम त्यांच्या मागेही चालू राहिले.